सासरच्यांनी मागितलेले पत्र

प्रश्न : माझे यजमान २०११ मध्ये नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेले आणि २०१८ मध्ये त्यांच्या कंपनीमार्फत आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळाले. मला मारहाण केल्याबद्दल तेथील न्यायालयाने त्यांना दोन वेळा दोषी ठरवले. पहिल्या वेळी शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले होते, दुसऱ्या वेळी मी स्वतः. मुलाचा ताबा न्यायालयाने माझ्याकडे दिला असून त्याला घेऊन मी पाचपाखाडीला आईकडे आले, त्याला आता सात महिने झाले. यजमान सध्या अटकेत आहेत आणि इमिग्रेशन कोर्टात त्यांच्या हद्दपारीचे प्रकरण सुरू आहे. ऐरोलीहून सासूबाईंचा जवळजवळ रोज फोन येतो. ‘मारहाण झालीच नव्हती, रागाच्या भरात तक्रार केली’ असे पत्र मी कोर्टाला लिहून दिले तर ते सुटतील, आणि न दिल्यास त्यांचा संसार मीच मोडला असे होईल, असे त्या म्हणतात. माझेही कार्ड जाईल का? ते इथे परत आले तर काय? मी पत्र लिहावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ते वाक्य तुम्ही लिहू नये. मारहाण झाली आहे, तुम्ही ती सोसली आहे, आणि घडलेले घडलेच नाही असे कोर्टाला लिहून देणे म्हणजे स्वतःच्या हाताने खोटी साक्ष देणे होय. पुढे तुम्ही अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला, तर तोच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहू शकतो.

शिवाय त्या वाक्याने सासूबाईंना हवे ते साध्यही होणार नाही. १९९६ मध्ये झालेल्या कायद्यानुसार अमेरिकेत कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला, त्याच्याकडे ग्रीन कार्ड असले तरीही, हद्दपार करता येते. इमिग्रेशन न्यायाधीश मारहाण झाली की नाही याची सुनावणी नव्याने घेत नाहीत. फौजदारी न्यायालयाच्या निकालाची नोंद ते मान्य करतात. तो निकाल रद्द करून घ्यायचा असेल तर पुन्हा फौजदारी न्यायालयातच जावे लागते. गुन्हा कबूल केल्यास हद्दपारी ओढवू शकते हे वकिलाने आरोपीला सांगितलेच पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवून दिले आहे, आणि तसे सांगितले गेले नसेल तर तो मुद्दा तुमच्या यजमानांच्या वकिलांनी मांडावा. ते काम तुमचे नाही.

पत्राला अर्थ आहे तो एकाच ठिकाणी. ग्रीन कार्ड किमान पाच वर्षे आणि कायदेशीर प्रवेशानंतरचे सलग वास्तव्य किमान सात वर्षे असेल, तर हद्दपारी माफ करावी असा अर्ज करता येतो. मात्र हिंसेच्या गुन्ह्यासाठी एक वर्ष किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली असेल, मग ती स्थगित ठेवून माणूस एक दिवसही तुरुंगात गेला नसला तरी, हा मार्ग सहसा बंद होतो. म्हणून निकालपत्रात शिक्षेचा आकडा काय आहे, हे आधी पाहायला हवे. अर्ज करता येत असेल, तर न्यायाधीश कुटुंब, नोकरी, गुन्ह्याचे गांभीर्य आणि माणसात खरोखर पडलेला फरक हे सारे तोलून पाहतात, आणि तेथे पत्नीच्या शब्दाला वजन असते. यजमानांनी तिथेच राहावे असे तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर मारहाणीचा स्पष्ट उल्लेख ठेवून, मुलाला वडिलांची ओढ आहे किंवा ते खर्च पाठवतात, असे जे खरे असेल तेवढे लिहा, तेही स्वतःच्या वकिलाला दाखवून. तसे वाटत नसेल, तर आपणहून पत्र देण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही.

आणि संसार मोडल्याच्या आरोपाबद्दल. पहिल्या वेळी तुमचे ओरडणे भिंतीपलीकडच्या माणसांना ऐकवले नाही. त्यानंतर खटला झाला, यजमान दोषी ठरले, आणि तरीही त्यांनी पुन्हा हात उचलला. हद्दपारी त्या हातामुळे ओढवली आहे, तुमच्या फोनमुळे नाही. सासूबाईंचे दुःख खरे आहे, ते मी हलके मानत नाही. पण त्याचा भार तुमच्या डोक्यावर ठेवण्याचा अधिकार त्यांना नाही.

तुमचे ग्रीन कार्ड यजमानांमुळे मिळाले असले तरी ते आता तुमचे स्वतःचे आहे आणि त्यांच्या हद्दपारीने जात नाही. खरा धोका तुमच्या इथल्या मुक्कामाचा आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परत जाताना विमानतळावर विचारणा होते, आणि आगाऊ परवाना न घेता एक वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिल्यास केवळ त्या कार्डावर परतता येत नाही. तुमच्याकडे पाचच महिने उरले आहेत. (ज्या भगिनींचे ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे, त्यांच्यासाठी : छळ करणारा पती अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर १९९४ च्या कायद्यानुसार पत्नी त्याच्या सहीशिवाय स्वतंत्र अर्ज करू शकते आणि तो त्याच्यापासून गुप्त ठेवला जातो. कौटुंबिक हिंसाचाराच्या घटनेमुळेच पतीचे कार्ड गेले असेल, तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत हा अर्ज करावा लागतो.)

हद्दपार झालेला माणूस भारतात उतरल्यावर मोकळा असतो, आणि ऐरोली ठाण्याहून लोकलने अवघ्या दहा-पंधरा मिनिटांवर आहे. अमेरिकेतील संरक्षण आदेश (मारहाण करणाऱ्याला पीडितेपासून दूर ठेवणारा न्यायालयाचा हुकूम) इथे आपोआप लागू होत नाही, म्हणून इथला आदेश घेण्याची तयारी त्यांच्या येण्याआधीच करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार स्त्री जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, म्हणजे तुम्हाला ठाण्यातच करता येईल. त्या संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि अर्ज करण्यासाठी संरक्षण अधिकारी मदत करतात. दोन्ही निकालांच्या आणि ताब्याच्या आदेशाच्या प्रमाणित प्रती अमेरिकेतून अपोस्टिल करून (म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा तिथला सरकारी दाखला जोडून) मागवा. तातडीच्या मदतीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक आईंच्याही फोनमध्ये असू द्या.

ऐरोलीहून पुढचा फोन येईल तेव्हा वाद घालू नका. यजमानांच्या वकिलांनी काय हवे ते लेखी कळवावे, मी माझ्या वकिलांमार्फत उत्तर देईन, एवढेच सांगा. संदेश आले तर पुसू नका. फोन आईंनी उचलला तरी उत्तर हेच असेल, हे आज रात्रीच त्यांच्याशी बोलून ठेवा.