मुंगसानं कोंबडीची पाठ फाडलीय, हळद लावली तर चालंल का?

हळद नंतर, आधी ती कोंबडी बाकीच्यांतून बाजूला काढा, डालग्याखाली एकटी ठेवा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच चोची मारत बसतात आणि मुंगसानं सोडलेली कोंबडी आपल्याच कोंबड्या मारतात. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात २ चहाचे चमचे मीठ टाकून जखम चांगली धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन (मेडिकलात मिळणारं जखमेचं तपकिरी औषध) पाण्यात चहाच्या रंगाएवढं पातळ करून लावा. आमच्या कोरेगावकडं राख आणि चुना भरतात, ते अजिबात नको. माश्या बसू देऊ नका, उन्हाळ्यात एका दिवसात आळ्या पडतात (मी बघितलंय, वास अजून आठवतो), म्हणून दिवसातनं २ वेळा बघा.

दाताची जखम वरून बारीक दिसती पण आत खोल असती, सूज नाहीतर पू दिसला किंवा खायचं सोडलं तर जनावरांच्या डॉक्टरकडं न्याच, अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा.

आणि खुराड्याला ती मोठ्या भोकाची कोंबडीजाळी काढून अर्धा इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली ताठ तारेची जाळी) बसवा, खाली जमिनीत फूटभर गाडून, मुंगूस उकरून आत येतं.