आकडा मोठा कुणाचा, दर मोठा कुणाचा?

आत्महत्यांच्या आकडेवारीबद्दल सीमाभागातून बरेच प्रश्न आले. त्यातले चार निवडले आहेत.

डॉक्टर, सगळ्यात जास्त आत्महत्या महाराष्ट्रात होतात, अशी बातमी दरवर्षी येते. मग आपण कर्नाटकातले बरे म्हणायचे का? (निपाणी)

नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ मृत्यू आहेत आणि कर्नाटकात १३,६०६. पण महाराष्ट्राची लोकसंख्या आपल्या जवळजवळ दुप्पट आहे. लाख लोकांमागे किती, असं मोजलं की पारडं फिरतं. महाराष्ट्राचा दर १८.१, आपला २०.२, देशाचा १२.४. बातमीत आकडा असतो, दर क्वचितच असतो.

दरसुद्धा जपूनच वाचावा लागतो. त्याच वर्षी सिक्कीमचा दर ४३.१ होता, देशात सर्वांत जास्त. पण सिक्कीमची वस्ती सात लाखांच्या आतली आणि मृत्यू २९३. एवढ्या लहान वस्तीत थोड्या घटना कमीजास्त झाल्या तरी दर वरखाली होतो. त्यामुळे एका गावातल्या एका वर्षाच्या घटना मोजून ‘आमच्याकडे लाट आलीय’ म्हणू नये. दुसऱ्या टोकाला बिहार, ०.६. केरळचा दर २८.५. बिहारचा माणूस केरळच्या माणसापेक्षा सत्तेचाळीस पट सुखी आहे, हे मला तरी पटत नाही. ही मोजणी पोलिसांच्या कागदावरून होते. घरच्यांनी अपघात सांगितला आणि तसाच लिहिला गेला, की तो मृत्यू या यादीतून गळतो. जिथे दर जास्त दिसतो तिथे दुःख जास्त असू शकतं, किंवा नोंद चोख असू शकते. बहुतेक वेळा दोन्ही थोडंथोडं असतं.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. चिक्कोडी-रायबागकडचा रुग्ण मिरजेला किंवा कोल्हापूरला नेतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, हा १९६९ च्या कायद्याचा नियम. म्हणजे गाव इकडचं आणि दाखला तिकडचा.

आत्महत्या म्हटलं की शेतकरीच डोळ्यांपुढे येतो. खरंच तेच जास्त असतात का? (चिक्कोडी)

२०२२ मध्ये शेतीवर जगणाऱ्यांचे मृत्यू ११,२९० होते, एकूणाच्या ६.६ टक्के. त्यातही शेतमजूर (६,०८३) शेतकऱ्यांपेक्षा (५,२०७) जास्त. बिगरशेती रोजंदारीवाल्यांचा वाटा २६.४ टक्के होता. गृहिणी २५,३०९ होत्या, म्हणजे शेतीवाल्यांच्या दुपटीहून जास्त. त्यांच्यासाठी मोर्चा निघाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मात्र हे वाटे आहेत, दर नव्हेत. रोजंदारीवर जगणारी माणसंच देशात खूप आहेत, त्यामुळे त्यांचा वाटा मोठा दिसणारच. शेतकऱ्याचं दुःख छोटं आहे, असाही याचा अर्थ नाही. उसाचं बिल अडकलं की घरात काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्त्री-पुरुष असं पाहिलं तर शंभरातले बहात्तर मृत्यू पुरुषांचे असतात. तरीही २०१६ मध्ये जगभरात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या.

ज्याला जायचं तो जाणारच, असं आमच्याकडे म्हणतात. मग फवारणीचं औषध कुलपात ठेवून काय उपयोग? (खानापूर)

उपयोग होतो, आणि या विषयात इतकं ठामपणे सांगता येण्यासारखं फार थोडं आहे. श्रीलंकेचं पाहा. १९९५ च्या सुमारास तिथला दर लाखामागे ४७ च्या आसपास होता. सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढच्या वीसेक वर्षांत दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. त्या काळात गरिबी, कर्ज, भांडणं काही संपली नव्हती. २००९ पर्यंत तर देशात यादवी चालू होती.

असं का होतं? कारण तो टोकाचा क्षण बऱ्याचदा टिकत नाही. काही मिनिटं, काही तास, आणि भर ओसरतो. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. ‘जाणारच’ हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही. औषध लागेल तेवढंच आणा. उरलेलं राहत्या घरात नको, शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. घरात कुणी खचलेलं असेल तर ते औषध काही दिवस भावकीत दुसऱ्याकडेच ठेवलेलं बरं.

धाकटा भाऊ सारखा ‘मी नसलेलं बरं’ म्हणतो. थेट विचारलं तर नसतं डोक्यात भरेल, अशी आई भिते. दवाखान्यात न्यायचं तर पोलीस केसची भीती, आणि तिथे सगळं कन्नडमध्ये. काय करू? (शहापूर, बेळगाव)

आजच विचारा. ‘जीव द्यायचा विचार येतो का रे?’ असं सरळ, एकट्यात. विचारल्याने विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे आईंना माझ्या नावाने सांगा. तो ‘हो’ म्हणाला तर उपदेश करू नका आणि त्याला एकटं सोडू नका.

पोलिसांची भीती आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानणाऱ्या जुन्या कायद्यामुळे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखालचा मानतो आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो. इथे तर तुम्ही नुसता सल्ला घ्यायला चाललाय, त्यात केस कसली?

भाषेचं म्हणाल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी नंबर रात्रंदिवस, मोफत चालतो. फोन लागला की मराठी निवडा. समोरासमोर दाखवायचं तर बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. सोबत कन्नड नीट येणारा एक जण न्या, पण तो भावाच्या विश्वासातला असावा. गल्लीत बातमी करणारा नको. आणि भावाने ठिकाण, वेळ, कसं हे ठरवून ठेवलंय असं बोलण्यातून कळलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री तातडीच्या विभागात घेऊन जा.