टीव्हीवर लीग फुटबॉल बघणारे कमी का झाले?

लातूर-परभणीकडं फुटबॉलवेडी पोरं आहेतच, फक्त ती टीव्हीसमोरून उठून मोबाईलवर गेलीत. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ संस्थेचा आकडा निवडक घरांतल्या टीव्हीला जोडलेल्या मीटरवरून निघतो. ॲपवर पाहिलेली मॅच त्यात धरली जात नाही.

पण टीव्ही खरोखर सुटला तो वेळेमुळं. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक मॅच आपल्याकडं हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होतात, युरोपात उन्हाळी वेळ लागली की साडेबाराला. दीडची मॅच संपायला साडेतीन वाजतात. सकाळी सहाला ट्यूशन गाठणारं लातूरचं पोरगं घर झोपलेलं असताना हॉलमधला टीव्ही कसा लावणार? ते सकाळी गोल तेवढे बघून घेतं.

त्यात २०१९ पासून पे चॅनल निवडून घ्यावे लागतात. क्रिकेट आणि मालिका आधी, फुटबॉलचं चॅनल पहिलं कटतं. आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, २०१४ ला स्टारवर सुरू झाली, २०२३ ला स्पोर्ट्स१८ वर गेली. केबलवाल्याला चॅनलचा नंबर विचारेपर्यंत अर्धी मॅच जाते. पुण्याचा क्लबही २०१९ मध्ये बंद पडला, राज्यातला म्हणावा असा मुंबई सिटीच राहिला. आणि आयएसएलचा २०२५ चा हंगाम आधीच्या दोन हंगामांसारखा सप्टेंबरात सुरूच झाला नाही, तिथं उरलेली सवयही तुटली.