प्रेक्षकांच्या सहभागातून वाढत गेलेलं एखादं संकल्पनात्मक शिल्प (म्हणजे घडवलेल्या वस्तूपेक्षा त्यामागच्या कल्पनेला महत्त्व देणारं) सांगू शकाल का?

अशी कामं बरीच आहेत, पण अक्षरशः वाढलेलं म्हणाल तर माझं उत्तर एकच: जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांचं '७००० ओक'.

१९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात 'डॉक्युमेंटा ७' हे कलाप्रदर्शन भरलं. बॉइसनी तिथल्या संग्रहालयासमोरच्या चौकात बेसॉल्टचे ७,००० ओबडधोबड खांब आणून टाकले आणि अट घातली की शहरात एक झाड लागलं, की ढिगातला एक दगड उचलून त्याच्या शेजारी रोवायचा. झाड नाही, तर दगडही हलणार नाही. पहिला ओक त्यांनी स्वतः लावला.

मला विचाराल तर खरी हुशारी त्या ढिगात आहे. नुसतं 'झाडं लावा' म्हटलं असतं, तर चार दिवस फोटो निघाले असते आणि विषय मिटला असता. इथे उरलेलं काम भर चौकात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होतं. ढीग कुरूप दिसतो म्हणून गावकरी वैतागले. पण तो हटवायचा तर खड्डे खणण्यावाचून इलाज नव्हता!

सहभाग फुकटातही नव्हता. एका झाडाला आणि दगडाला मिळून ५०० मार्कांची (मार्क हे जर्मनीचं तेव्हाचं चलन) देणगी. जागा सुचवायच्या त्या रहिवाशांनी, शाळांनी, बालवाड्यांनी. (हल्ली भिंतीवर एक ठिपका चिकटवला तरी आपण 'सहभागी प्रेक्षक' होतो. त्यातही मजा आहे, पण पणाला काही लागत नाही.) पैसे उभे करायला बॉइसनी एका झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती वितळवून तिचा ससा ओतला आणि तो विकला.

जानेवारी १९८६ मध्ये बॉइस गेले, तेव्हा काम अपुरंच होतं. शेवटचं झाड १९८७ च्या 'डॉक्युमेंटा ८' मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. नावावर जाऊ नका, सगळे ओक नाहीत. लिंडेन, चेस्टनट, मेपल असं बरंच काही त्यात आहे.

आता याला शिल्प का म्हणायचं? एक जोडी जवळून बघा. दगड जमिनीवर साधारण सव्वा मीटर. रोप लावलं तेव्हा काठीएवढं, त्यामुळे नजरेत भरायचा तो दगडच. पुढे खोड जाड होत गेलं, फांद्या पसरल्या आणि तोच दगड बुंध्याशी किरकोळ वाटू लागला. एक बाजू स्थिर, दुसरी वाढती, आणि त्यांचं प्रमाण दरवर्षी बदलतं. शिल्पकार आकारांच्या प्रमाणाशीच तर खेळतो. फरक इतकाच की इथे छिन्नी काळाच्या हातात आहे. बॉइस याला 'सामाजिक शिल्प' म्हणत: समाज हीच माती, आणि तिला आकार देणारे सगळेच कलावंत.

फोटो शोधणार असाल, तर आधी १९८२ मधला ढीग बघा आणि मग कासेलचे आजचे रस्ते. एकटा आजचा फोटो पाहिलात तर साधी वृक्षराजी वाटेल.