'बालखलनायक' नको, मग काय?

प्रश्न थोडक्यात असा, की ताई नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी गमतीची फँटसी लिहितायत, त्यात दुष्टपणा शिकवणारी जादूची शाळा आहे, आणि तिथल्या पोरांना त्यांनी 'बालखलनायक' म्हटलं तर त्यांचाच मुलगा खो खो हसला, गोष्टीला नाही, शब्दाला.

मुलगा बरोबर आहे हो. बालवाडी, बालनाट्य, बालकलाकार इथपर्यंत 'बाल' गोड वाटतं, पण पुढे 'खल' आला की कानाला थेट 'बालगुन्हेगार' ऐकू येतं, आणि हल्ली पेपरवाले तर तेही लिहीत नाहीत, 'विधिसंघर्षित बालक' लिहितात. तुमचं पोरगं शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांना पाय फुटावेत म्हणून मंत्र घोकतंय, त्याला पोलीस स्टेशनची भाषा कशाला!

शिवाय 'खल' एकटा मुलांना कळतच नाही. पसायदानातलं 'जे खळांची व्यंकटी सांडो' शाळेत रोज म्हणतात, पण आमच्या पंचवटीतल्या सहावीतल्या भाचीला विचारलं खळ म्हणजे कोण गं, तर म्हणे 'कोण काय मामा, पतंगाला लावतो ती, मैद्याची'. संक्रांत तोंडावर होती, बोटं खळीने चिकट झालेली, तिचं तरी काय चुकलं. (व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. ज्ञानेश्वर खळ मरोत म्हणत नाहीत, वाकडेपणा तेवढा गळू दे म्हणतात. तुमच्या शाळेच्या प्रार्थनेत नेमकं उलटं मागता येईल बघा.) संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाच्या विरोधकाला 'प्रतिनायक' म्हणतात, शब्द छान आहे पण सहावीतलं पोर तो वाचून पुस्तक मिटेल.

आता मराठीची खरी गंमत. वाईट वागणाऱ्या पोराला आपल्याकडे शब्द ढीगभर आहेत, द्वाड, वांड, व्रात्य, उपद्व्यापी, कार्टं, पण सगळ्यांत थोडा लाड मिसळलेला असतो. 'व्रात्य' तर बघा, मूळ अर्थ ज्याची मुंज वेळेवर झाली नाही, संस्कारातून सुटलेला असा, म्हणजे चांगलाच गंभीर ठपका, आणि आज आजी नातवाचा गालगुच्चा घेत म्हणते 'व्रात्य मेला'! म्हणून हे शब्द पोरांना स्वतःबद्दल वापरू देऊ नका, मोठ्यांच्या तोंडी द्या. म्हणजे पोरगं काळा झगा घालून गच्चीवरून ओरडतंय 'थरथर कापा, मी महादुष्ट आहे' आणि खालून आजी म्हणतेय 'अगं बाई, किती द्वाड ते, ये खाली, थालीपीठ गार होतंय'. व्हिलनचा याहून मोठा अपमान नाही. माझ्या मते तुमचा अर्धा विनोद इथेच बसलाय.

मग त्यांना म्हणायचं काय? माझं मत 'होतकरू खलनायक'. होतकरू हा शब्द आपण कायम 'गरीब व होतकरू विद्यार्थी' असा वह्यावाटपाच्या बॅनरवरच वाचतो, त्यामुळे तो खलनायकाला चिकटला की आपोआप हसू येतं, वेगळा जोक करायला लागत नाही. शाळेच्या कागदपत्रांत मात्र 'शिकाऊ खलनायक' लिहा, शिकाऊ लायसन्ससारखं, झाडूवर मागे लाल अक्षरात 'शि' लावून उडतील. पोरं आपापसात 'व्हिलन'च म्हणणार, म्हणू द्यात, तिथे शुद्ध मराठीचा हट्ट धरलात तर संवाद मरतील.

मुलगी असेल तर 'होतकरू खलनायिका', आणि नाशिककर असून शूर्पणखेला विसरू नका म्हणजे झालं, गावाचं नावच तिच्या नाकावरून पडलं असं आपण पाहुण्यांना सांगतो. शूर्प म्हणजे सूप, तेच आपलं धान्य पाखडायचं, सुपाएवढी नखं असलेली ती शूर्पणखा. नखं वाढवण्याच्या तासाला बाई म्हणून चालेल की.

शाळेत बालवाडीचा वर्ग असेल तर त्यांच्यासाठी एक शब्द मीच पाडलाय, चिमुकलं, पिटुकलं तसं 'दुष्टुकलं'. फक्त नपुंसकलिंगीच ठेवा, ते दुष्टुकलं. 'तो दुष्टुकला' केलंत की दुधाचे दात पडल्यासारखे वाटतात.