शाळेत एकच प्रोजेक्टर, मुलांकडे फोन नाहीत, नेटचा भरवसा नाही. अशा वर्गात ऑनलाइन साधनं कशी वापरायची?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळच्या शाळेत आठवी-नववीला गणित-विज्ञान शिकवता, सगळ्या शाळेत मिळून एक प्रोजेक्टर आहे आणि 'तंत्रज्ञानाचा वापर दाखवा' असा वरून तगादा आहे. मीही कोल्हापुरातच शिकवतो, विज्ञान आणि भूगोल. ॲपची यादी देत बसत नाही. ती कुठल्याही प्रशिक्षणात मिळते, चहाबिस्किटासकट.

माझा निकष साधा आहे. जे फळ्यावर काढता येत नाही, प्रयोगशाळेत करता येत नाही आणि वर्गाबाहेर जाऊन बघता येत नाही, त्याच्यासाठीच पडदा खाली सोडायचा. बाकीच्याला खडू पुरतो. आणि काही दाखवायच्या आधी 'आता काय होईल?' हे विचारून वर्गाचे अंदाज फळ्यावर लिहून घ्यायचे. एवढं केलं तर एकच पडदा असणं उलट सोयीचं पडतं, कारण सगळी पोरं एकाच गोष्टीवर भांडत असतात.

उदाहरण आपल्याच गावचं घेतो. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपल्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतो. परंपरेनं तो 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढत जातात, वाटेत ढग किंवा एखादं बांधकाम आडवं आलं नाही तर. पेपरात फोटो येतो. पण याच तारखा का, आणि वर्षातून दोनदाच का, असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

इथं स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. मोफत आहे, एकदा संगणकावर उतरवून घेतलं की नेट लागत नाही. ठिकाण कोल्हापूर ठेवा, तारीख 10 नोव्हेंबर, आणि वेळ सूर्यास्तापर्यंत पुढं न्या. सूर्यावर क्लिक केलं की त्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, दिसतो, 252 अंशांच्या आसपास. म्हणजे सूर्य बरोबर पश्चिमेला, 270 वर, मावळत नाही; 18 अंश दक्षिणेकडं सरकून मावळतो. आकडा फळ्यावर लिहा. मग एकेक दिवस पुढं चला. मावळतीची जागा क्षितिजावर डावीकडं सरकत जाते, 21-22 डिसेंबरला 245 च्या आसपास थबकते आणि तिथून मागं फिरते. तिथंच थांबा आणि विचारा, आता परत 252 वर कधी येईल? पोरं बोटं मोजायला लागतात. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, तेवढेच पुढं मोजले की 31 जानेवारी. उत्तर पडद्याआधी वर्गातून येतं, पडद्यावर फक्त पडताळा बघायचा.

यावर हमखास एक प्रश्न येतो, 'सर, मग मधल्या दिवसांत ऊन कुठं जातं?' तेव्हा प्रोजेक्टर बंद करा. पुठ्ठ्याची लांब नळी, म्हणजे महाद्वारापासून देवीपर्यंतची वाट, आणि टॉर्च, म्हणजे सूर्य, घ्या. नळीच्या तोंडाशी टॉर्च सरळ धरला तर उजेड पलीकडं पोचतो, सात अंश तिरका केला की आतल्या भिंतीवर अडतो. दक्षिणायन-उत्तरायणाची व्याख्या मी या तासाला सांगतच नाही, पुढच्या तासाला पोरं स्वतःच्या शब्दांत लिहितात.

शून्य सावलीच्या दिवसाचंही असंच. कोल्हापूर साधारण 16.7 उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेमध्ये सुट्टी, ऑगस्टमध्ये आभाळ. शाळेला ते प्रत्यक्ष बघायची संधी जवळजवळ मिळतच नाही, म्हणून पडदा. उलट चंद्राच्या कला पडद्यावर दाखवू नका. अमावास्येनंतर रोज संध्याकाळी बाहेर बघून वहीत चित्र काढायला सांगा, फुकट आणि जास्त पक्कं.

गणितात माझ्या सहकाऱ्यांचा आधार जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर आहे. आठवीत त्रिकोणाचे शिरोलंब शिकवताना फळ्यावर आपण एकच त्रिकोण काढतो, बहुतेक लघुकोनच. जिओजेब्रात शिरोबिंदू धरून ओढला की लंबसंपात बिंदू, म्हणजे तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू, हलताना दिसतो. काटकोन झाला की तो त्या कोनाच्या शिरोबिंदूवर जाऊन बसतो, विशालकोन झाला की त्रिकोणाबाहेर पडतो. ओढायचं काम एखाद्या मुलीला द्या, आपण मागच्या बाकावर बसा. मात्र त्याआधी प्रत्येकानं कंपासपेटीतल्या गुण्यानं निदान एक त्रिकोण वहीत केलेला असावा. नाहीतर ते नुसतं कार्टून होतं.

विज्ञानासाठी फेट बघा, कोलोरॅडो विद्यापीठाचा 2002 पासूनचा उपक्रम. त्यातली बरीच सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत आणि फाइल उतरवून नेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाचं चांगलं आहे, तारेतले इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. पण सेल, बल्ब आणि वायर आधी हातात द्या. बल्ब न लागणं, मग सेल संपलाय का, वायरचं टोक सोललंय का ते शोधणं, हे पडद्यावर शिकता येत नाही.

पावसाळ्यात तर आकडे आपोआप चालत येतात. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा नदीची पातळी प्रत्येकाच्या घरच्या फोनवर फिरत असते, इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. आधी आलेख कागदावर हातानं काढून घ्या, मग तेच आकडे स्प्रेडशीटमध्ये भरा आणि पडद्यावर दाखवा. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं, अशी बातमी येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28.3 लिटर. गुणाकार पोरांनाच करू द्या, उत्तर 40 हजार लिटरच्या वर जातं तेव्हा वर्गाचे चेहरे बघा. प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा पूर येणाऱ्या गावांकडची मुलं असतील तर ती तुम्हालाच आलेख समजावतील. फक्त ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांना उगाच उभं करून बोलतं करू नका.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. घरून उतरवून आणा, वर्गात नेटवर लावला की मधेच जाहिरात येते आणि वर्ग गेला. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. आवाज बंद ठेवा, आपण बोला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं दीक्षा या सरकारी ॲपचं साहित्य आधी स्वतः बघून घ्या, काही छान आहे, काही नुसतं पुस्तक वाचून दाखवतं. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत मिळतात. त्यातली आकृती पडद्यावर मोठी करून दाखवणं हा माझ्या मते प्रोजेक्टरचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग.

मुलांकडे फोन नाहीत म्हणून प्रश्नमंजूषा घेता येत नाही, असं तुम्ही म्हणता. प्लिकर्स वापरा. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं. ते कुठल्या बाजूनं वर धरलं त्यावर ए, बी, सी, डी उत्तर ठरतं. तुम्ही आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर आलं ते दिसतं. शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कल करणंही अवघड, कारण प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असते. मागच्या बाकावरचं कधीच हात वर न करणारं पोरगं काय समजलंय ते मला असंच कळतं. मात्र नेट इथं लागतं, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट जवळ ठेवा. मुलांची नावं भरू नका, हजेरी क्रमांक पुरतात. चुकीचे पर्याय एआयकडून बनवून घेता येतात, पण त्यांच्या वह्यांतल्या खऱ्या चुका उचलल्या तर पर्याय जास्त धारदार होतात. कार्डं जाड कागदावर छापा आणि चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही.