महिला बास्केटबॉल वर्ल्ड कप दरवेळी अमेरिकाच जिंकते, मग बघायचा कशाला?

दरवेळी नाही हो. 1994 ला ब्राझीलने सेमीत अमेरिकेला 110-107 हरवलं आणि फायनलला चीनला हरवून कप नेला. 2006 ला सेमीत रशियाने 75-68 काढलं, कप ऑस्ट्रेलियाला. 2010 पासून मात्र सलग चार अमेरिकेचे, ते खरंय. पण कप कोण नेतं एवढंच बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी स्कोअर वाचा, मॅच लावूच नका.

माझं विचाराल तर 2022 ची सिडनीतली ब्राँझची मॅच शोधून बघा, ऑस्ट्रेलिया-कॅनडा. ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन, वय 41, दोन मुलांची आई, गुडघ्यापायी 2016 ला रिटायर झालेली, ती परत येते काय आणि 30 पॉइंट ठोकते काय! मी मोबाईलवर बघत होते आणि रडूच आलं, कारण मी पण सेंटर, म्हणजे रिंगखाली उभी राहणारी, खेळायचे आणि बाळंतपणानंतर टीममध्ये परत गेले तर आमचे कोच म्हणाले, "ताई, आता गुडघे सांभाळा, मुलींना जागा द्या." ताई! आदल्या सीझनपर्यंत नावाने ओरडणारा माणूस. मग प्रॅक्टिसला मला फक्त मुलींना बॉल पास करायला उभं करायचे. अहो, रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, उडी लागते कुठे एवढी? शॉट सुटला की वर बघायचंच नाही, आधी समोरची कुठंय ते बघून तिला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून रेटत बाहेर काढायचं, मग बॉल. पोरी नुसत्या वर बघत उड्या मारायच्या. जागा कशी धरायची हे खेळून खेळूनच कळतं, पण हे त्यांना कोण सांगणार.

त्या मॅचची लिंक मी कोचना पाठवली, उत्तर आलं "ती प्रोफेशनल आहे". बरं, ते मान्य, तिच्यासारखे फिजिओ आणि ट्रेनर सगळ्यांना मिळत नाहीत, दुखत असेल तर डॉक्टरला दाखवूनच उतरा. पण बाळ झालं म्हणून बेंचवर बसवत असतील तर गप्प बसू नका, टीम बदला. मी बदलली.

हां, तुमचा प्रश्न. पुढचा कप सप्टेंबर 2026, बर्लिन, 16 टीम. ग्रुपच्या मॅच कधीकधी फारच एकतर्फी होतात, 2022 ला अमेरिकेने कोरियाला 145-69 धुतलं होतं, तसल्या सोडल्या तरी चालतील. क्वार्टरफायनलपासून लावा आणि शॉट सुटला की बॉलवरची नजर काढून रिंगखालची ढकलाढकली बघा.